नावामागचा पत्ता

यादीत त्याचं नाव नव्हतं.

सकाळचे सव्वादहा वाजले होते. हातात कुठल्याशा इमारतीच्या लिफ्टचा तपासणी अहवाल होता आणि तो मशीनसमोर उभा राहून पडद्यावरची नावं वरून खाली, खालून वर सरकवत होता. आधी चष्म्याचा संशय आला. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. नावं तीच. मापं घेणारा, टायपिस्टबाई आणि मग एकदम उत्तर विभागाचा तपासनीस. या शेवटच्या दोघांच्या मधे तो असायला हवा होता. बारा वर्षं तो तिथेच होता. आपल्या नावावर बोट ठेवायचं, हिरवं बटण दाबायचं, की मशीन कागद आत ओढायचं आणि दोन मिनिटांत तोच कागद मेल होऊन त्याच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये उतरायचा. बोटाला जागा इतकी पाठ होती की डोळ्यांचं काम पडत नसे. आजही बोट सवयीने तिथे गेलं आणि अहवाल उत्तर विभागाला जाता जाता वाचला. त्याने नावं मोजली. काल सकाळी एकेचाळीस होती. काल दुपारी त्याने स्वतःच्या हाताने एक काढलं होतं, म्हणजे चाळीस उरायला हवी होती. एकोणचाळीस भरली. त्याने परत मोजली आणि परत एकोणचाळीसच भरली.

दुसऱ्या एखाद्या कचेरीत माणूस हसला असता, नाव परत घातलं असतं आणि चहाला गेला असता. पण या कचेरीत यादीतून नाव जाणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. लिफ्ट तपासून दाखले देणारी ही कचेरी. तिसऱ्या मजल्यावर एक लांबलचक हॉल, टोकाला साहेबांची काचेची खोली आणि मधोमध हे मशीन. साहेबांना टेबलावर कागद आलेला खपत नसे. अहवाल असो, अर्ज असो, रजेची चिठ्ठी असो, सही करा, मशीनमध्ये घाला, मला पाठवा. मेलवर वेळ येते, तोंडी वाद नको. त्यामुळे सगळ्यांची शेंडी मशीनच्या हातात होती आणि मशीनची याच्या हातात. नवा माणूस आला की त्याचं नाव आणि नावामागे त्याचा ईमेलचा पत्ता यादीत घालायचा; कुणी गेला की काढायचा. काढण्याची एक रीत होती. साहेबांकडून पिवळी चिठ्ठी यायची आणि तिच्यावर नुसतं नाव असायचं. कारण नाही, 'कृपया' नाही. नाव लगोलग काढायचं आणि त्या माणसाला पत्र मात्र दुसऱ्या दिवशी मिळायचं, म्हणजे जाता जाता कुणी कचेरीचे कागद स्वतःला पाठवून घेऊ नयेत. हिशेब चोख होता. पण त्यामुळे व्हायचं असं, की एक अख्खा दिवस तो माणूस हॉलमध्ये हसत-खिदळत हिंडायचा, पुढच्या महिन्याच्या रजेच्या गोष्टी करायचा, आणि त्याची गाडी कधीच सुटलेली आहे हे फक्त दोघांना ठाऊक असायचं, साहेबांना आणि याला. आता याचं स्वतःचं नाव गेलं होतं. स्वतःची चिठ्ठी स्वतःला कोण देईल? म्हणजे ती दुसऱ्या कुणाला तरी गेली होती.

अहवाल तसाच हातात धरून तो टेबलाशी आला. वय त्रेपन्न. या वयात दुसरीकडे कोण उभं करतं? आणि करायचं तरी काय येतं त्याला? नावं घालता येतात आणि काढता येतात. इतकी वर्षं लिफ्टच्या कचेरीत काढली, पण त्याला स्वतःला लिफ्टमध्ये बसायला आवडायचं नाही, तो जिन्यानेच यायचा. दार लागलं की आपण कुणाच्या तरी भरवशावर, हे त्याला सोसत नसे. बायको म्हणायची, "अहो, तुम्हाला सरळ रस्ताही वाकडा दिसतो. दूधवाल्याने दूध चांगलं दिलं तरी तुम्ही विचारता, आज का चांगलं दिलं?" ती म्हणते ते खरंच होतं. पण तिने कधी एखाद्या माणसाला पत्र मिळण्याच्या आदल्या दिवशी पाहिलेलं नव्हतं.

नानांना त्याने पाहिलं होतं. नाना म्हणजे इथले जुने मुख्य कारकून. या मशीनवरचं पहिलं नाव त्यांनीच घातलं होतं आणि यालाही त्यांनीच शिकवलं होतं. नाव काढताना मशीन विचारतं, नक्की? तेव्हा एक श्वास घ्यायचा आणि मग 'होय' दाबायचं, असं ते सांगायचे. त्यांच्या नावाची पिवळी चिठ्ठी आली त्या दिवशी याने श्वास घेतला, 'होय' दाबलं आणि जागेवर येऊन बसला. अर्ध्या तासाने नाना मशीनपाशी आले. हातात त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेले सहा कागद होते. जुन्या फायली कशा लावाव्यात याची टिपणं, यालाच देण्यासाठी लिहिलेली. आधी स्वतःला एक प्रत पाठवावी म्हणून ते नाव शोधू लागले. "अरे, माझं नाव दिसत नाही रे," ते तिथूनच म्हणाले. आणि याने मान वर न करता सांगितलं, "मशीन बिघडलंय, नाना." एवढं बोलून सुटला असता तर बरं होतं. पण नाना पडले सरळ माणूस. त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि मेकॅनिकची वाट पाहत मशीनशेजारी बसले. दोन तास बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "बिघडलंय हो, थांबा जरा." लोक ऐकायचे, मशीन वापरायचे, कागद पाठवून निघून जायचे. कुणीतरी तिसरा माणूस कागद पाठवून गेला, तेव्हा नाना बोलायचे थांबले. उठले, खिशातल्या रुमालाने मशीनची काच पुसली आणि सहा कागद याच्या टेबलावर ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी पत्र मिळालं तेव्हाही ते याला काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर इतकी वर्षं ते स्टूल त्याच्या नजरेसमोर राहिलं नसतं.

"काका, आज साहेब किती वाजेपर्यंत आहेत?"

तो दचकला. समोर नवी उभी होती. खरं तर तिला इथे येऊन दोन वर्षं होत आली होती, पण तिच्यानंतर कुणी आलंच नाही, त्यामुळे नवी ती नवीच राहिली. शेजारच्या टेबलावर बसायची, डब्यातला अर्धा घास याच्या झाकणावर ठेवायची, 'काका काका' करायची. आज तिच्या हातात चौघडी केलेला एक कागद होता आणि याने पाहताच तिने तो ओढणीआड नेला.

"का गं?"

"काही नाही, सहजच."

सहज. याच्या मनात पाल चुकचुकली. सहज कुणी साहेबांची वेळ विचारतं का? आणि मग एकेक गोष्ट आपणहून जागेवर येऊन बसायला लागली. गेल्या वर्षी याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा आठ दिवसांच्या रजेत मशीनचा चार आकडी कोड त्याने एकाच माणसाला दिला होता, तो हिला. परत आल्यावर बदलायचा राहून गेला. ती झटपट शिकली होती. फारच झटपट. याच्या निम्म्या वयाची, निम्म्या पगाराची, स्वतःचं आणि याचं, दोन्ही कामं करू शकणारी. साहेबांच्या जागी तो असता तर त्यानेही हाच विचार केला असता. मघाशी ती खिडकीपाशी फोनवर कुणाला तरी सांगत होती, "आज होऊन जाईल गं आई, मग काळजी नाही." काय होऊन जाईल? तिने दिलेला घास दोन वर्षं गोड लागला होता. त्याची आता आठवणीतच चव बदलली.

त्याने मेकॅनिकला फोन केला. कारण सांगितलं नाही, मशीन तपासून घ्यायचंय एवढंच म्हणाला. मेकॅनिक अकरा वाजता आला, पोट सांभाळत मशीनपुढे उकिडवा बसला, झाकणं उघडली, फुंकर मारली, बंद केली. "काका, तुमच्यापेक्षा याची तब्येत चांगली आहे," तो म्हणाला. याने हळूच विचारलं, यादीत कुणी हात घातला तर कळतं का? मेकॅनिकने दोन-चार बटणं दाबून एक चिटोरं छापून काढलं. काल दुपारी चार एकेचाळीस, कोड वापरला, क्रमांक तेवीस काढला. त्याच्या खालची ओळ, चार एकेचाळीस, क्रमांक तेवीस काढला.

"तेवीस दोनदा?" याने विचारलं. "एकच नाव दोनदा कसं काढतील?"

"ते मी काय सांगू? मी मशीन बघतो, माणसं नाही बघत." मेकॅनिकने पावती फाडली, 'यंत्र सुस्थितीत' असं लिहून सही केली, एक प्रत साहेबांच्या शिपायाकडे दिली आणि एक याच्या हातात कोंबली.

तेवीस म्हणजे स्टोअरकीपर, ते बरोबर. कालची पिवळी चिठ्ठी त्याचीच होती. आणि याचा नंबर चोवीस. दोघांची नावं नानांनी एकाच दिवशी घातली होती, एकाखाली एक. एकोणीस वर्षं दोघं एका बाकावर बसून डबा खात आले होते. काल चिठ्ठी वाचून तो मशीनपाशी गेला, तेवीस क्रमांक निवडला आणि नेमका तेव्हाच हॉलच्या दारातून स्टोअरकीपर आत आला. दोन हातांत दोन चहाचे कप आणि काखेत लिफ्टच्या दोराचा नमुना. लांबूनच ओरडला, "अरे ये, गार होतोय!" तो प्रसंग आत्ता आठवायला नको होता, म्हणून याने पुढे आठवला नाही. त्याचं लक्ष त्या दुसऱ्या ओळीवर होतं. आपल्या मागोमाग कुणीतरी येऊन, आपलाच कोड वापरून, आपलं नाव काढलं आणि नंबर मुद्दाम तेवीस दाखवला. हे असं करता येतं की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण आजकालच्या पोरांना काय करता येत नाही?

नाव परत घालणं एका मिनिटाचं काम होतं. त्याने घातलं नाही. ज्याने काढलं त्याला कळेल की याला कळलंय, आणि चोराला जागं करायचं नव्हतं. आधी चिठ्ठी कुणी कुणाला दिली ते हाती लागायला हवं होतं. असा विचार करत तो जागेवर बसला आणि बसल्या जागी त्याला ती दुसरी गोष्ट सुचली. खरं तर सुचली म्हणणं खोटं होईल, ती बारा वर्षं त्याच्या मनात कुठेतरी पाय पोटाशी घेऊन पडलेली होती. यादीत लोकांना दिसतं ते नाव. नावामागचा पत्ता कुणी बघत नाही. 'साहेब' या नावामागे त्याने स्वतःचा पत्ता घातला, तर साहेबांना पाठवलेला प्रत्येक कागद याच्याकडे येईल आणि पाठवणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. इतकी वर्षं हे त्याला ठाऊक होतं आणि त्याने कधी केलं नव्हतं. या न करण्याचा त्याला मनातून अभिमानही होता. आज बारा वाजता, सगळे हात धुवायला गेले असताना, त्याने ते केलं. कोड, साहेब, जुना पत्ता पुसला, आपला घातला, 'नक्की?', 'होय'. श्वास घ्यायचा राहिला. फक्त आजच्या दिवसापुरतं, त्याने स्वतःला बजावलं. अडीचपर्यंत बघू आणि परत होतं तसं करून टाकू.

पण दीडला साहेबांनी त्याला काचेच्या खोलीत बोलावलं आणि तळघरात पाठवलं. एका जुन्या लिफ्टचा खटला निघाला होता, पंधरा वर्षांपूर्वीच्या फायली हव्या होत्या, आजच्या आज. "तुमच्याशिवाय कुणाला सापडणार?" साहेब म्हणाले. काल-परवा हे ऐकून त्याची मान ताठ झाली असती. आज त्याला वाटलं, जागेवरून उठवतायत. मुद्दाम. मी खाली, ही वर. साहेब बोलताना त्याच्याकडे न बघता खिडकीकडे बघत होते. एरवीही ते खिडकीकडेच बघून बोलायचे, पण हे त्याच्या ध्यानात आलं नाही. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं आणि याला तर खऱ्याखुऱ्या पिवळ्या चिठ्ठ्यांची बारा वर्षांची सवय होती.

तळघरात कॉम्प्युटर नव्हता आणि फोनला वाऱ्यालाही उभं करत नव्हतं नेटवर्क. एक बल्ब, लोखंडी कपाटं, ओल्या पुठ्ठ्याचा वास. फायली नानांच्या टिपणांप्रमाणेच लावलेल्या होत्या. लाल दोरा म्हणजे वाद चालू, पांढरा म्हणजे मिटला. तो गठ्ठे उतरवत होता आणि कान वर होते. डोक्यावर तीन मजले सोडून कुणीतरी त्याच्याबद्दल काहीतरी बोलत होतं, अशी त्याची खात्री होती. त्याने मनातल्या मनात नवीशी भांडण केलं. तुला मीच शिकवलं. तुझा कागद मशीनमध्ये अडकला तेव्हा बाही वर करून मी काढला. तू रडलीस त्या दिवशी मी साहेबांना सांगितलं, चूक माझी आहे. ती मनातल्या मनात उत्तर देईना, नुसती ओढणीआड कागद लपवायची. मग त्याने स्टोअरकीपरला मधे घेतलं आणि म्हणाला, बघ रे, कशी असतात माणसं. स्टोअरकीपर कप पुढे करून म्हणाला, गार होतोय. तेव्हा मात्र तो एका गठ्ठ्यावर टेकला. आज सकाळी स्टोअरकीपरला पत्र मिळालं असणार. आज बाकावर डबा खायला हा गेलाच नव्हता. स्वतःच्या गेलेल्या नावापायी तो त्याचं गेलेलं नाव पार विसरला होता. लाजेने त्याचे कान तापले. तरी कान वरच होते.

फायली सापडल्या तेव्हा पाच वाजून गेले होते. जिना चढून वर आला तर हॉल रिकामा, साहेबांची खोली काळोखी, खुर्च्या टेबलांत सरकवलेल्या. त्याने गठ्ठे ठेवले आणि कॉम्प्युटर उघडला. साहेबांसाठी म्हणून आलेले चार मेल होते. तीन अहवाल. चौथा चार वाजून दहा मिनिटांचा. त्याने तो उघडला आणि खुर्ची पुढे ओढून घेतली, कारण कागदाला चौघडीच्या घड्या दिसत होत्या. नवीचा अर्ज. अक्षर टपोरं, शाळेतल्यासारखं. 'माझी एक वर्षाची नेमणूक आज संपत आहे. मुदतवाढीचा अर्ज आज कामकाजाच्या वेळेत पोचणे आवश्यक असल्याने, तपासनीसांची शिफारस घेऊन पाठवत आहे. तपासनीस चार वाजता साइटवरून परतल्याने उशीर झाला, क्षमस्व.' खाली तपासनीसाची सही आणि ग्रीस लागलेल्या अंगठ्याचा डाग. सगळं एवढंच. याच्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. त्याने कागद पुन्हा वाचला, दोन ओळींच्या मधल्या जागेत आपलं नाव शोधत. दरवर्षी हात पसरावा लागतो, हे काकांना कशाला दिसू द्यावं, म्हणून तिने कागद ओढणीआड नेला होता, आणि आज होऊन जाईल ते हे.

तो उठून मशीनपाशी गेला. आधी पत्ता जागेवर ठेवायला हवा होता. कोड दाबला, यादी उघडली. आता पुन्हा चूक नको, म्हणून त्याने आधी एका जुन्या, निकामी नोंदीवर हात बसवून पाहिला. गेल्या वर्षीच्या प्रशिक्षणापुरती घातलेली नोंद, क्रमांक अठरा. काढा, नक्की, होय. अठरा गेली. आणि त्याच्या डोळ्यांदेखत एकोणीसवाली नोंद वर सरकली आणि अठरा होऊन बसली. निवडीची निळी पट्टी तिच्यावरच होती, तयार. हजारदा पाहिलेली गोष्ट. तो पट्टीकडे बघत राहिला. काल चार एकेचाळीसला दारातून हाक आली, 'गार होतोय!', आणि याने मान फिरवली होती. ज्याचं नाव काढतोय त्याच्या तोंडाकडे बघत त्याने बटण दाबलं होतं, लागलं की नाही कळलं नाही म्हणून न बघताच पुन्हा दाबलं होतं, काढा, होय, आणि हसून म्हणाला होता, "आलो रे!" तेवीस गेला, चोवीस वर सरकून तेवीस झाला, आणि गेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच. सबंध दिवस ज्याच्या मागावर होता तो माणूस मशीनच्या काळ्या पडद्यात चष्मा घालून त्याच्याकडे बघत होता.

त्याला हसू आलं नाही. सुटलो असंही वाटलं नाही. म्हणजे वाटलं, क्षणभर, आणि लगेच त्या वाटण्याची शिसारी आली. साहेबांच्या नावामागे त्याने साहेबांचा पत्ता घातला. नवीचा अर्ज छापून काढला, तिच्या घड्यांसकट छापला गेला, तो मशीनमध्ये घातला आणि साहेबांना पाठवला. मशीन पाठवणाऱ्याचं नाव सांगत नाही, फक्त वेळ सांगतं. पाच बावन्न. पोचला की नाही याची खात्री करून तो जिना उतरला, आणि स्वतःचं नाव परत घालायचं त्याला सुचलंही नाही.

घरी बायको शिलाई मशीनवर बसली होती. तिने पाय थांबवून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाय चालवले. जेवायला बसल्यावर म्हणाली, "कुणाचं काय बिघडवून आलात?"

"मी कुणाचं काय बिघडवणार?"

"रोज येता ते दुसऱ्यांच्या तक्रारी घेऊन येता. हा असा, तो तसा. आज गप्प आहात. म्हणून विचारलं." तिने त्याच्या ताटात वाढलं. तो हात न लावता बसून राहिला. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि तिने विचारावं असं त्याला फार वाटत होतं.

सकाळी टेबलावर पिवळी चिठ्ठी होती. नवीचं पूर्ण नाव, साहेबांच्या तिरक्या अक्षरात. त्याने ती खिशात घातली आणि मशीनकडे गेला नाही. शेजारची खुर्ची रिकामी होती, पिशवी मात्र खुर्चीला लटकलेली होती. काचेच्या खोलीत ती साहेबांसमोर उभी असलेली त्याला दिसली. अर्ज पोचला का, हे विचारायला ती आपणहून गेली असणार. तिचे हात हलत होते, मग हलायचे थांबले. शिपाई येऊन म्हणाला, तुम्हाला बोलावलंय.

"या," साहेब खिडकीकडे बघत म्हणाले. "हिचं म्हणणं, अर्ज चार दहाला पाठवला. माझ्याकडे आलाय पाच बावन्नला. मुदत पाचची. पाच बावन्नला तू कुठे होतीस म्हटलं, तर म्हणते बसमध्ये. मग पाठवला कुणी, भुताने?"

"साहेब, खरंच, मी चार वाजता..." तिचा आवाज चिरकला.

"मशीन बिघडलं असेल म्हणते." साहेबांनी एक पावती पुढे सरकवली. याने मागवलेल्या मेकॅनिकची. "कालच तपासलंय. यंत्र सुस्थितीत. नुसता उशीर कबूल केला असता तर मी चिठ्ठी मागेही घेतली असती, मीही माणूस आहे. पण तोंडावर खोटं बोललेलं मला चालत नाही."

ती वळली. डोळे लाल होते, तरी त्याला बघून तिला धीर आल्यासारखं वाटलं, हे त्याला स्पष्ट दिसलं. "काका, तुम्ही सांगा ना. कधीकधी बिघडतं ना मशीन? नेमकं साहेबांचंच नाव बिघडतं, असं होऊ शकतं ना?"

ती त्याच्या हातात तेच वाक्य देत होती, धुऊन, घडी घालून. नानांना दिलेलं. त्याने फक्त होय म्हणायचं होतं. फार तर मेकॅनिक पुन्हा आला असता, फार तर महिनाभर चर्चा झाली असती, आणि साहेबांनी तरीही मुदत धरली असती तर याच्याकडे बोट दाखवायला कुणी नव्हतं. त्याला मशीनशेजारी ठेवलेलं स्टूल दिसलं. ते अजून तिथेच होतं, कुणी हलवलं नव्हतं.

"मशीन ठीक होतं," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मग मान खाली घातली. साहेबांनी पेन उचललं.

"मशीन ठीकच होतं, साहेब. तिने चार दहालाच पाठवला. काल बारा वाजल्यापासून तुमच्या नावामागे माझा पत्ता होता. मी घातला होता. अर्ज माझ्याकडे आला, पाच बावन्नला तुम्हाला मी पाठवला." त्याने खिशातली पिवळी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. "हिचं नाव मी काढलेलं नाही. काढणार नाही."

पहिल्यांदाच साहेब खिडकी सोडून त्याच्याकडे बघत होते. का, असं ते विचारतील म्हणून तो थांबला. सांगायला त्याच्याकडे पुष्कळ होतं, आणि सगळं हास्यास्पद होतं. पण साहेबांचा हात सावकाश टेबलाच्या कोपऱ्यातल्या पिवळ्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याकडे गेला, एक चिठ्ठी सुटी केली, आणि ती कुणाकडे द्यायची हे न कळून थांबला.

"माझी लिहू नका," तो म्हणाला. "माझं नाव परवाच निघालंय. माझ्याच हातून."